दुसऱ्या खुर्चीवरचा प्रश्न

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि त्यातही दुसरी. पहिली खुर्ची म्हणजे जिच्यावर बसून माणूस काम करतो ती. तिच्या पाठीला जाळी असते, मानेला टेकू असतो, हातांना उशा असतात. दुसरी खुर्ची टेबलाच्या कडेला उभी असते, कोणी आलं तर बसायला. कोणी आलंच नाही तर तिने काय करायचं, हे मला बनवणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं.

माझं रूप काही सांगण्यासारखं उरलेलं नाही. काळं रेक्झिन फाटून आतला स्पंज बाहेर आलाय. पाच चाकांपैकी एक फिरत नाही. बैठकीखालच्या नळीतला दाब गेल्यामुळे माझ्यावर बसलेला माणूस हळूहळू खाली जातो. मी कुणाला मुद्दाम खाली नेत नाही हो, वयाचा दोष आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रोज माझ्या दीडदोनशे बहिणी तिथे तयार व्हायच्या. सगळ्यांत शेवटी एक बाई प्रत्येकीवर बसायची, पाठ टेकायची, एक गिरकी घ्यायची आणि मगच पुढे पाठवायची. दिवसभर बसून थकते म्हणून तिची चेष्टा व्हायची. ती म्हणायची, "बसल्याशिवाय कसं कळणार?" तिचं ते वाक्य तेव्हा माझ्या कानावरून गेलं होतं. आता रोज आठवतं.

तिथून मी एका ऑफिसात आले. चौथा मजला, काचेच्या भिंती आणि कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारी सव्वीस माणसं. त्यांच्यात एक वयस्कर गृहस्थ होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मास्तरांचा एक नियम होता. कुठलंही काम पाठवण्याआधी ते दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं. आणि दुसऱ्या खुर्चीवर बसणाऱ्याने निदान एकदा तरी "म्हणजे काय?" असं विचारायचंच. सगळं कळलं असलं तरी विचारायचं. लोक कुरकुरायचे. "मास्तरांचं म्हणजे-काय सुरू झालं, आता जेवणाची सुट्टी गेली," असं म्हणायचे. पण कोणी अडलं की हाक यायचीच, "अरे, जरा खुर्ची ओढ."

माझी मालकीण त्या ऑफिसात नवी लागली होती. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं चिमणी. पहिल्याच महिन्यात मास्तर माझ्यावर बसले आणि चिमणी घडाघडा वाचू लागली. "हा रकाना रिकामा असेल तर पुढे जायचं," ती म्हणाली. मास्तरांनी विचारलं, "रिकामा म्हणजे काय? तिथे शून्य लिहिलंय, की काही लिहिलंच नाही?" चिमणी गप्प झाली. चिमणी गप्प झालेली सगळ्या मजल्याने पहिल्यांदाच पाहिली. मग तिने कपाळावर हात मारला आणि दिवसभराचं काम पुन्हा केलं. त्या दिवशी मला वाटलं, आपण कामाची वस्तू आहोत. लिहिणारी पहिल्या खुर्चीवर बसली होती, पण चूक सापडली ती माझ्यावर बसलेल्याला.

अशी सहा वर्षं गेली. मग एक दिवस कळलं की मजला सोडायचा आहे आणि सगळ्यांनी आपापल्या घरून काम करायचं आहे. मास्तर निवृत्त झाले. ज्याला हवी त्याने खुर्ची न्यावी असं ठरलं. चिमणीने दोन नेल्या. दारावरच्या रखवालदाराने विचारलं, "ताई, बूड एक आणि खुर्च्या दोन?" ती हसून म्हणाली, "कोणी आलं तर!" मला फार बरं वाटलं होतं.

तिच्या घरी एक छोटी खोली होती. खिडकीखाली टेबल, टेबलाशी पहिली खुर्ची, कडेला मी. चिमणीच्या वाट्याला एका डायलिसिस केंद्राचं काम आलं. ज्यांचं मूत्रपिंड थकलंय त्यांचं रक्त तिथे यंत्राने शुद्ध करतात. माणसाला आठवड्यातून दोनदा जावंच लागतं, चुकवून चालत नाही. कोणी कुठल्या दिवशी यायचं, हे ठरवून प्रत्येकाला मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम चिमणीने लिहिला आणि तो सांभाळायचं कामही तिचंच. तिचं एकटीचं.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मजा होती. एकटा जीव सदाशिव! ऑफिसात दर तासाला कोणीतरी "दोन मिनिटं आहेत का?" म्हणून यायचं आणि पाऊण तास खायचं. इथे दार लावलं की लावलं. चिमणी मांडी घालून बसायची, बेसूर गाणी म्हणायची, दुपारी वीस मिनिटं डोळे मिटायची. साहेबांच्या विनोदांना हसायची सक्ती नव्हती. चार दिवसांचं काम ती दीड दिवसात उरकायची. केंद्रातल्या मुख्य सिस्टर फोनवर म्हणाल्या होत्या, "बाई, तुमच्यामुळे आमच्याकडची रांगेतली भांडणं बंद झाली." एकट्याने काम करण्यात जे सुख असतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला नावं ठेवणार नाही.

पण माझ्यावर कोणी बसेना. पहिल्या पावसाळ्यात माझ्या पाठीवर एक ओला टॉवेल आला. मग ओढणी आली, मग इस्त्रीचे कपडे, मग एक कसलं तरी खोकं. एक ना धड भाराभर चिंध्या! चार वर्षांत माझं खुर्चीचं कपाट झालं. आणि चिमणीचा आवाज हळूहळू आटला. फोन वाजला की ती आधी खाकरायची, कारण सकाळपासून घशातून शब्दच निघालेला नसायचा. एकदा मीटिंगमध्ये ती चांगली मिनिटभर बोलली आणि मग कोणीतरी सांगितलं, तुमचा आवाज बंद आहे. चिमणी बटण दाबून म्हणाली, "जाऊ दे, काही विशेष नव्हतं." विशेष होतं. मी ऐकलं होतं. आपण लिहिलेलं ती आता मनातच वाचायची, आणि आपलं आपण वाचताना डोळे जे लिहायचं होतं तेच वाचतात.

आता तुम्ही म्हणाल, घरात दुसरं कोणी नव्हतं का? होतं की. नवरा दूरच्या कामावर, महिन्यातून चार दिवस घरी. पण शेजारच्या खोलीत सासूबाई होत्या. त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली. समोरच्याने नंबर सांगितला की तो पुन्हा म्हणून दाखवायचा, बरोबर ना असं विचारायचं आणि मगच जोडायचा, अशी त्यांची सवय. पण सूनबाईंचं काम चालू आहे म्हणून त्या दाराबाहेर चहा ठेवायच्या, दोन टकटक करायच्या आणि निघून जायच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. एका दाराच्या दोन बाजूंना दोन बायका दिवसभर गप्प बसायच्या. मध्ये मी, कपड्यांखाली.

मग तो बुधवार आला. त्याच आठवड्यात सोमवारी केंद्रातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र तासभर बिघडलं होतं आणि चिमणीची फार धावपळ झाली होती. बुधवारी सिस्टरांचा मेसेज आला, "पाण्याचं यंत्र दुरुस्तीला काढतोय. परवाच्या लोकांना एक दिवस पुढे ढकला." चिमणीने तो वाचला. तिच्या डोक्यात पाण्याचं यंत्र म्हणजे सोमवार. परवा सोमवारच होता की. तिने सोमवारच्या एकोणीस जणांची यादी काढली. त्यांची पुढची वेळ गुरुवारी होती, ती तिने शुक्रवारी केली आणि सगळ्यांना मेसेज पाठवून दिले. सगळं पाच मिनिटांत. मी टेबलापासून हातभर अंतरावर होते, आणि माझ्यावर दोन चादरी होत्या.

गुरुवारी सकाळी आठला फोन वाजला. चिमणीने खाकरून तो उचलला. सिस्टरांचा आवाज मलाही ऐकू आला. "बाई, माझ्या खाटा रिकाम्या आहेत. माझी माणसं कुठे आहेत?"

सिस्टरांचा परवा येणारा होता. शुक्रवारी केंद्र बंद राहणार होतं आणि त्यांना शुक्रवारचे लोक शनिवारवर न्यायचे होते. चिमणीने मात्र गुरुवारचे लोक नेमके बंद दाराशी पाठवले होते. तिने आधी शुक्रवारच्या लोकांना शनिवारचे मेसेज पाठवले आणि मग गुरुवारच्या एकेकाला फोन करत सुटली. दुपारपर्यंत अठरा जण सापडले आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं सगळं नीट पार पडलं. एकोणिसावे एक म्हातारे शिंपी होते. त्यांचा फोन मुलीकडे असायचा. बुधवारचा मेसेज तिने त्यांना वाचून दाखवला होता, पण गुरुवारी ती प्रवासात होती. चिमणीने त्या नंबरावर त्रेचाळीस वेळा फोन लावला. केंद्राचा माणूस घरी गेला तर दाराला कुलूप. शिंपीबुवा शेजारगावी बहिणीकडे गेले होते.

शुक्रवारी ते मेसेजात सांगितल्याप्रमाणे बरोबर वेळेवर केंद्रावर आले. दार बंद. ते पायरीवर बसले आणि तिथेच त्यांना धाप लागली. ते येतील म्हणून चिमणीने केंद्राच्या रखवालदाराला सांगून ठेवलं होतं, त्याने पाहिलं म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं ते बोलवत नाही. त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. दोन दिवस चिमणी जेवली नाही. खुर्चीत बसायची आणि भिंतीकडे बघायची. माणूस वाचेल की नाही, एवढा एकच विचार त्या खोलीत होता, आणि तोही कोणी तोंडाने बोलत नव्हतं.

रविवारी ती त्यांना बघायला गेली. दुपारी परत आली ती सरळ खोलीत येऊन रडायलाच लागली. दार लावायचं राहिलं होतं. सासूबाई उंबऱ्याशी आल्या. आत यावं की नाही, असा त्यांचा पाय घुटमळला.

"कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत, आई. उद्या घरी सोडतील." चिमणीने डोळे पुसले. "मी माफी मागितली तर मलाच म्हणाले, पोरी, पाय सुजले होते, चौथा दिवस होता, मला वाटलं विचारावं. पण मेसेजला उलटं कसं विचारणार? तिकडे माणूस आहे की नाही, तेच कळत नाही."

सासूबाई आत आल्या. त्यांनी माझ्यावरच्या चादरी उचलल्या, इस्त्रीचे कपडे उचलले, खोकं खाली ठेवलं आणि त्या माझ्यावर बसल्या. मित्रांनो, चार वर्षांनी माझ्यावर माणूस बसलं होतं. आणि मी काय केलं? हळूहळू खाली गेले.

"अगं, ही मला खाली नेतेय," सासूबाई म्हणाल्या. चिमणीला रडता रडता हसू आलं.

"असू दे. नेऊ दे कुठे न्यायचं ते," त्या तिथून, टेबलाच्या काठाशी हनुवटी टेकेल इतक्या खालून म्हणाल्या. "त्या सिस्टरांनी काय लिहिलं होतं? मोठ्याने वाच बघू."

चिमणीने वाचलं, "पाण्याचं यंत्र दुरुस्तीला काढतोय. परवाच्या लोकांना एक दिवस पुढे ढकला."

सासूबाईंनी लगेच विचारलं, "परवा म्हणजे काय? गेलेला की येणारा?"

मी काही बोलू शकत नव्हते, लाकूड-लोखंडाची जात माझी. पण तुम्हाला सांगते, मला फार वाईट वाटलं. एवढाच प्रश्न होता. विचारायला एक क्षण लागला. विचारणारी चार वर्षं भिंतीपलीकडे बसून होती, मी चार वर्षं अलीकडे उभी होते, आणि प्रश्न विचारला गेला तो चार दिवस उशिरा.

त्यानंतर चिमणी ऑफिसात परत गेली असं समजू नका. ती अजून एकटीच काम करते, अजून मांडी घालून बसते, बेसूर गाते. पण रोज चारला सासूबाई चहाचे दोन कप घेऊन सरळ आत येतात. येताना काखेत एक जाड उशी असते, कारण मी खाली नेणार हे त्यांना माहीत आहे. चिमणी दिवसभराचं काम मोठ्याने वाचते. सासूबाईंना त्यातलं अर्धं कळत नाही आणि तेच उपयोगाचं आहे. सिस्टर आता तारीख आणि वार दोन्ही लिहितात. आणि शिंपीबुवांना मेसेज गेला की चिमणी त्यांच्या मुलीला फोनही करते. प्रत्येक मेसेजाखाली केंद्राचा नंबर असतो आणि फोन लावला की माणूस उचलतो.

दुरुस्तीवाला येऊन मला बघून गेला. म्हणाला, "हिच्यात आता काही राम नाही, टाकून द्या." खरंच थकलेय मी. नळी गेली, चाक गेलं, उद्या पाठही जाईल. टाकलं तर तक्रार करणार नाही. पण माझ्या जागी लगेच दुसरी आणून ठेवा, एवढं सांगायचं होतं.

तुम्हीही एकटे अभ्यास करत असाल, मित्रांनो. जरूर करा, शांत डोक्याने होतो. फक्त शेजारची खुर्ची मोकळी ठेवा, कपड्यांना घरात दोरी असते. झालेलं काम कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि तुम्हाला कोणी वाचून दाखवलं तर मान डोलवू नका, विचारा. आणि कोणी "परवा" म्हणालं, तर आधी विचारा, कुठला.