वाटेची साखर

"परत सांडलं. रोज उठा नि यांचं मासळीचं पाणी धुवा. अंगण हाय का बाजार?"

मधली भिंत एका विटेची. त्यामुळे प्रेमाची कुरकुर थेट मथुराच्या तव्यापर्यंत आली. प्रेमा भांडत नव्हती, नुसती खराट्याशी बोलत होती. मथुराने भाकरी उलटली आणि मनातल्या मनात म्हणाली, बोल बाय, बोल. कुरकुर शेजारधर्मात बसते. नोटीस बसत नाही. आणि नोटीस येऊन आठवडा होऊन गेला होता. प्रेमाच्या मुलाने, सुशांतने पाठवलेली.

ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात प्रेमाचं घर पुढे, रस्त्याला लागून. मथुराचं त्याच्या मागे आणि मथुराच्या मागे खाडी. रस्त्यावरून मथुराच्या दारात यायचं तर प्रेमाच्या अंगणातूनच यावं लागे. आधी डोक्यावर पाट्या घेऊन बायका यायच्या, मग हातगाडी आली. मग मथुराच्या नवऱ्याने, तुळशीदासने टेम्पो घेतला. तुळशीदास गेला, पण टेम्पो राहिला आणि मुलगा निमेश तो चालवू लागला. भल्या पहाटे दारातच बर्फाच्या पेट्या भरायच्या आणि घाटकोपरचा बाजार गाठायचा, हे त्या घराचं पोट.

सुशांतला आता अंगणाला लोखंडी गेट लावून आत आपली गाडी उभी करायची होती. त्याचंही अगदीच चुकीचं नव्हतं. रस्त्यावर उभ्या गाडीचा आरसा कुणीतरी दोनदा फोडला होता आणि कागदोपत्री अंगण त्याच्या आईचंच होतं. पण गेट लागलं की टेम्पो बाहेर, आणि बाहेर ठेवला की मालाची गाडी म्हणून पोलीस उचलणार. पेट्या वाहायच्या कुणी? मथुराचे गुडघे कधीच बोलायला लागले होते आणि सून रोशनीचे दिवस भरत आले होते.

म्हणून मायलेक घाटकोपरला वकीलबाईंकडे गेले. शर्मिष्ठाबाईंचं ऑफिस साड्यांच्या दुकानाच्या वर. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वीस वर्षांहून जास्त वापर आहे, उघडउघड आहे आणि कुणी कधी अडवलं नाही. हे सगळं चांगलंच आहे," त्या म्हणाल्या. "आता एकच सांगा. ही वाट तुम्ही हक्काने वापरलीत, की त्यांच्या परवानगीने?"

"त्यात काय फरक?" मथुराने विचारलं.

"सगळा फरक त्यातच आहे, मावशी. आपली वाट समजून, न विचारता चाललात, तर कायदा म्हणतो हक्क झाला. विचारून चाललात, तर ती त्यांची मेहेरबानी. मेहेरबानी माणूस केव्हाही परत घेऊ शकतो."

"म्हणजे आम्ही दांडगाई केली असती, तर वाट आमची झाली असती?"

"मारामारी करून नाही. पण विचारायची गरज नाही असं समजून चालला असतात, तर हो."

"आणि माणसासारखं वागलो तर नाय."

वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनाही ते नवीन नसावं.

"आमी कधी कुणाला विचारलं नाय," निमेश म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

शर्मिष्ठाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "मावशी, कोर्टात शपथेवर तुम्हाला सांगायचंय. जे खरं असेल ते आधी मला कळू दे. मग काय करता येईल ते बघू."

मथुराने पदराने मान पुसली. "पाणी मिळेल का गो बाय?" एवढंच ती म्हणाली.

तिच्या सासूने घालून दिलेली रीत होती. नारळी पुनवेला नारळ घेऊन खाडीवर जायच्या आधी करंज्यांचं ताट प्रेमाच्या पायरीवर न्यायचं आणि म्हणायचं, "बाय, वाट देस ना?" प्रेमाने करंज्या काढून घ्यायच्या, रिकाम्या ताटात मूठभर साखर घालायची आणि म्हणायचं, "जा गो, चाल." बस्स. मग वर्षभर त्यावर बोलायचं नाही. दोघी नव्या नवऱ्या होत्या तेव्हा हे करताना त्यांना हसू आवरत नसे. पुढे दोघींचीही तोंडं गंभीर झाली. तुळशीदास गेला त्या साली मथुरा ताट न्यायला विसरली, तर संध्याकाळी प्रेमाच साखर घेऊन आली होती. मागितली नव्हती, तरी दिली.

परतताना बसमध्ये निमेश खिडकीबाहेर बघत बोलला. "आये, या पुनवेला जाऊ नको."

"का?"

"सुशांतने दारावर कॅमेरा लावलाय. तू ताट घेऊन उभी राहिलीस की वाट लागली आपली. कोर्टात तोच दाखवेल."

"नि प्रेमाने सांगितलं तर?"

"ती सांगणार असती तर सांगितलं असतं ना आतापर्यंत. नोटिशीत काय लिवलंय? इथे कधी वाट नव्हतीच, आपण आत्ता घुसलोय. म्हणजे तिने पोराला सांगितलेलंच नाय." तो थांबला. "आपल्यासाठी बरंच हाय."

परवानगीने सगळा फरक पडतो हे प्रेमाला ठाऊक नसेल, असं कसं होईल? मथुरा विचार करत राहिली. तिच्या मुलाचाही वकील होता, त्यानेही तिला हेच विचारलं असणार. 'मी देत होते' एवढं ती बोलली असती तर केस तिथेच सुशांतच्या खिशात पडली असती. रोज मासळीच्या पाण्यावर कुरकुरणारी बाई नेमक्या त्याच गोष्टीवर तोंड मिटून बसली होती. पोटच्या पोरासमोर, आणि तेही त्याचीच भाकरी खाऊन. उद्या कोर्टात उभी केली, तर शपथेवरही मिटूनच ठेवील.

पुनवेच्या दिवशी रोशनीने करंज्या तळल्या. मथुराने ताट घासायला घेतलं तेव्हा रोशनीने निमेशकडे पाहिलं. निमेश म्हणाला, "आये, बाळ येतंय घरात. जरा त्याचा विचार कर."

"त्याचाच करते," मथुरा म्हणाली. पण तिचा आवाज काही ठाम नव्हता.

अंगणात सुशांत पाइप धरून गाडी धूत होता. पायरीवर प्रेमा बसली होती, नवं लुगडं नेसून, हात मांडीत घेऊन. मथुराला ताटासकट येताना पाहिलं तशी ती अर्धी उठली.

"आज नको गो," ती हळूच म्हणाली आणि हनुवटीने वरचा कॅमेरा दाखवला. "मागं फिर. मना बरं नाय, असं समज."

तिच्या बाजूला, पदराखाली अर्धा लपलेला, साखरेचा डबा होता.

मथुराने तो पाहिला. मग वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग सुशांतकडे. लहानपणी हाच पोर तिच्या घरी येऊन करंजीतलं सारण तेवढं खायचा आणि पारी तिच्या हातात ठेवायचा. मागे दारात निमेश उभा आहे, हे तिला न वळता कळत होतं. ती तशीच पायरीपर्यंत आली.

"मावशी, काय ते आता वकिलातर्फे बोला," सुशांत म्हणाला. त्याने पाइप खाली टाकला.

"वकिलाचं नाय, माझंच हाय. तू पण ऐक, सुशांत. नि निमेश, तू पण." तिने ताट दोन्ही हातांनी प्रेमापुढे धरलं. "वाट आमची कधीच नव्हती. तुझ्या आयशीची हाय. आमी दरसाल मागत होतो, नि ती दरसाल देत होती. प्रेमा, या साली पण मागते."