स्टूल भाच्याचं, दुखणं पोराचं

मित्रांनो, एकाच ओंडक्यातून कोरलेलं जुनं स्टूल आहे मी, मधे चिरलेलं. घाना देशातल्या कुमासीकडच्या एका गावात ट्रकवाल्या क्वाकू बोआदीसाठी मला कोरलं. तो उठला की मला आडवं करून ठेवायचा, म्हणजे भलतंसलतं भूत येऊन बसू नये. माझी एवढी काळजी, स्वतःची शून्य.

म्हातारपणी तो सारखा लघवीला उठायला लागला. मग डाव्या कुल्ह्यावर कलून बसायला लागला. दवाखान्यात प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांत उतरलेला. बाहेर सांगितलं, कंबर धरलीय. तसल्या जागेचं कोण बोलणार? मला नुसती चीड यायची. पण लाकडाला तोंड कुठलं.

तो गेला. आमच्या आशांती लोकांत पोर आईच्या घराचं, बापाच्या नाही. बापाची शवपेटी तेवढी पोराने आणायची, ती त्याच्या पोराने, मानूने आणली. शेत आणि मी मात्र बहिणीच्या पोराला, बादूला. मानूने तोंड वाकडं केलं नाही. रीतच ती.

काही वर्षांनी मानू बादूकडे जेवायला आला. बादूने मला पुढे सरकवलं. "बस रे. तुझा बाप काही ओरडायला येत नाही."

मानू बसला. डाव्या कुल्ह्यावर कलून. वजन तेच, खोड तीच.

कुटलेल्या कंदाच्या फुफूचा गोळा संपायच्या आत तो दोनदा मागे जाऊन आला.

"काय रे, ताडी चढली?" बादू हसला.

"ताडी कसली. वर्ष झालं, असंच चाललंय. डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता का. म्हटलं, नाही. सगळे मामा ठणठणीत."

"तुझ्या मामांना काय होतंय. कामं केली तर होईल ना काही."

बादूची आई, म्हणजे मानूची आत्या, जेवायची थांबली. "आणि क्वाकू?"

"तो तुमच्या घरातला ना, आत्या. मी माझ्या घरातलं सांगितलं."

"मग काय म्हणाला तो डॉक्टर?"

"वय कमी आहे म्हणाला. गोळ्या दिल्या."

आत्याने ताटातच हात धुतला. "उद्या परत जा. बापाचं नाव सांग त्याला."

बादूचं हसू गेलं.

मानू गेला. या वेळी सगळं तपासलं. तोच कॅन्सर, हाडांत पोचलेला. डॉक्टर म्हणाला, बापाच्या रक्तातून असलं पोराकडे येऊ शकतं, आधी सांगितलं असतं तर तेव्हाच तपासलं असतं. मानूने तर घरातलंच सांगितलं होतं. तो खोटं बोललाच नव्हता.

शेवटी शेवटी तो दोन्ही पोरांना घेऊन आला. माझ्यावर बसला. वजन निम्मं उरलं होतं.

"मी तुमच्या घरातला नाही," तो पोरांना म्हणाला. "तरी डॉक्टरकडे आधी माझं नाव सांगायचं. मग आजोबाचं. चाळिशीची वाट बघू नका, आत्ताच जाऊन विचारा, तपासणी कधीपासून करायची."

"बाबा, असलं काय सगळ्यांसमोर," धाकटा पुटपुटला.

"सगळ्यांसमोरच."

उठताना मला आडवं करायला वाकला, जमलं नाही. धाकट्याने केलं.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, वाळवी लागली तर लागू दे. पण बाप कशाने गेला, आईकडचं कोण कशाने गेलं, ते घरात मोठ्याने विचारा. मला रीतीने भाच्याकडे नेलं. ते दुखणं रीत बघत नाही.