बर्फावरची लॅटिन

माझी धाकटी बहीण सोल्वेग आणि तिचा नवरा वेंडेल यांनी मुलीचं कॉलेज निवडलं ते गाडीच्या मागच्या काचेसाठी. आमच्या मिनेसोटात पोर मोठ्या कॉलेजात लागलं की आईबाप त्याचं स्टिकर काचेवर चिकटवतात आणि पुढची चार वर्षं सिग्नलला थांबलेल्या लोकांना ते वाचायला लावतात. सोल्वेग पूर्वेकडचं ते नावाजलेलं कॉलेज बघून आली तेव्हाच स्टिकर घेऊन आली होती. अर्ज भरायला तेव्हा दीड वर्ष बाकी होतं.

मुलगी म्हणजे ब्रिटा, वय सतरा, जिला कॉम्प्युटर सोडून दुसरं काही सुचत नाही. मी गावची आइस हॉकीची रिंक, म्हणजे खेळायचं बर्फाचं मैदान, चालवते. कोणत्या संघाला बर्फ कधी मिळणार हे मी पूर्वी वहीत लिहायचे, आणि पहाटे पाचची वेळ वाट्याला आली की पोरांचे बाप पार्किंगमध्ये हमरीतुमरीवर यायचे. पंधराव्या वर्षी ब्रिटाने त्यावर प्रोग्रॅम लिहिला. पहाटेची वेळ सगळ्यांना आळीपाळीने. दोन हिवाळे झाले, एक भांडण नाही. तिला आमच्या राज्याच्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकायचं होतं. घरापासून चाळीस मिनिटं.

"तिथे काय, कोणीही जातं," वेंडेल म्हणाला. वेंडेल स्वतः तिथेच शिकला.

मग त्यांनी कॉलेज-प्रवेशाचा सल्लागार नेमला. ट्रेव्हर नावाचा दीडशहाणा. कधी घरी आला नाही, स्क्रीनवरूनच अक्कल वाटायचा. प्रोग्रॅमचं ऐकून त्याने जांभई दाबली.

"कोडिंग करणारी पोरं पैशाला पासरी झालीत. त्या कॉलेजात कॉम्प्युटरसाठी झुंबड असते. लॅटिनला मात्र कुत्रं विचारत नाही. लॅटिन म्हणून आत घुसायचं आणि मग हळूच कॉम्प्युटरकडे सरकायचं."

"पण मला लॅटिन येतच नाही," ब्रिटा म्हणाली.

"वर्ष आहे की हातात!" सोल्वेग म्हणाली.

रोबोटचा क्लब सुटला, घरात रोमन नाणी आली. अर्जही असा भरला, की निवड झाली तर तिथेच जायचं, बाकीचे दरवाजे बंद. सही करायच्या आधी ब्रिटाने कॉलेजचा नियम उघडून आईसमोर धरला: दुसऱ्या शाखेतून कॉम्प्युटरकडे बदली मिळत नाही.

"ट्रेव्हर म्हणतो, असं सगळेच लिहितात," सोल्वेग म्हणाली आणि पेन पुढे केलं.

अर्जासोबत रिंकवरून एक शिफारसपत्र लागणार होतं. मी दोन पानं लिहिली, सगळी प्रोग्रॅमबद्दल. ट्रेव्हरने ती परत पाठवली. त्याच्या मते प्रोग्रॅममुळे लॅटिनची गोष्ट बिघडत होती. सोल्वेग माझ्या ऑफिसात येऊन रडली. "ताई, एवढं कर ना माझ्यासाठी." मी तोंडाची फटकळ, पण तिच्या रडण्यापुढे लहानपणापासून माझं काही चालत नाही. मी लिहिलं, की बर्फ गुळगुळीत करायच्या गाडीवर हातमोजे घालून बसून ही मुलगी लॅटिन कविता वाचते. एका पत्राने काय होतंय, असं म्हणून पाठवून दिलं.

डिसेंबरात निवड झाली. सोल्वेगने बटाट्याचा हॉटडिश, आमच्याकडचा ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ, केला आणि मला जेवायला बोलावलं. दारातल्या गाडीला स्टिकर लागलेलं होतं, तेही सरळ नव्हतं.

"मग, कॉम्प्युटरचे वर्ग कधीपासून?" मी ब्रिटाला विचारलं.

"मी त्यांना विचारलं होतं. आज उत्तर आलं." तिने ताटाशेजारचा फोन उचलून वाचून दाखवलं. बदली नाही. अपवाद नाही.

वेंडेलने आणखी बटाटे वाढून घेतले. "छंद म्हणून कर की. कोण अडवतंय?"

"आणि नाव बघ ना केवढं मोठं आहे!" सोल्वेग म्हणाली.

"नाव काय चाटायचंय?" माझा पारा चढला. "पोरीला जे येतं तेवढं सोडून बाकी सगळं शिकवतील तिथे. वाचता येत होतं ना तुम्हाला? की तेही ट्रेव्हरच करतो? कुठंय तो?"

"त्याची पुढच्या वर्षीची पोरं सुरू झालीत," वेंडेल गंभीरपणे म्हणाला.

"मग मोडा तो करार!"

"सह्या झाल्यात ताई. शाळा आता दुसऱ्या कुठल्या कॉलेजला तिचे मार्कच पाठवणार नाही," सोल्वेग म्हणाली.

मी दोघांना आणखी बरंच सुनावलं. खरं सांगते, मला त्यात मजा येत होती. त्या टेबलाभोवती अक्कल असलेली मी एकटीच होते.

ब्रिटा उठली आणि आतून निवडीचं पत्र घेऊन आली. "मावशी, खाली पेनने लिहिलंय ते वाच."

निवड करणाऱ्या बाईंचं अक्षर सुरेख होतं. 'लॅटिन येणारी मुलं यंदा पुष्कळ आली. बर्फावरच्या गाडीत बसून कविता वाचणारी तू एकटीच. तुझ्या मावशीच्या पत्राने आमचा निर्णय झाला.'

मी ते दोनदा वाचलं. सोल्वेगने माझा हात दाबला. "बघ, ताई! तुझ्यामुळे झालं सगळं."

ब्रिटाने पत्र माझ्याकडून घेतलं आणि नीट घडी घातली.

"मावशी," ती म्हणाली, "त्या गाडीवर तू मला कधी बसूसुद्धा दिलं नाहीस. नियम आहे म्हणायचीस."