टपावरचा दिवा

आमच्या स्टँडवरच्या प्रत्येक टॅक्सीत एक चोरबटण आहे. स्टेअरिंगखाली, डाव्या गुडघ्याला लागेल असं. ते दाबलं की टपावरची पिवळी पाटी लाल उघडझाप करायला लागते. आत बसलेल्याला पत्ता लागत नाही. आणि ज्या टॅक्सीवाल्याला तो दिवा दिसेल त्याने असेल ते काम टाकून मागे सुटायचं, हा आमचा नियम.

बटण बसवलं लंबूने. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने त्याच्या मांडीत सुरा खुपसून गाडी पळवली. तेव्हापासून तो लंगडतो. दवाखान्यातून सुटल्यावर त्याने पहिलं काम हेच केलं. तसल्या पायाने एकेका गाडीखाली पाठीवर सरपटत शिरला आणि वायरी ओढल्या.

आणि मी? मला आयतं खेळणं मिळालं. रिकामी गाडी घेऊन, दिवा लावून, मी स्टँडवर यायचो. सगळे धावत सुटायचे. एकाच्या हातात जॅकचा दांडा, एकाच्या हातात चहाचा कप. मी दार उघडून राजासारखा खाली उतरायचो. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा लंबू धावताना फूटपाथच्या कडेला अडखळला आणि तोंडावर आपटला.

"लंबू, सुवर्णपदक थोडक्यात हुकलं बघ!" मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. लंबू उठला, पँट झटकली.

"यापुढे याचा दिवा लागला तर कोणी मान वळवायची नाही," तो म्हणाला. "ऐकलं ना सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "पन्नाशी आली तुमची, अक्कल कधी येणार?" मी म्हणालो, "ऑर्डर दिलीय, माल यायचाय." ती हसली नाही.

हे सोमवारी. गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी एका माणसाने हात केला. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट. मागे बरोबर माझ्या पाठीशी बसला.

"जुन्या खाणीकडे घ्या."

"फोटो खाणीचा काढलाय की तुमचा?" मी विचारलं. माझी सवयच आहे, गिऱ्हाईक हसलं की रस्ता कमी होतो.

तो हसला नाही. दुसरा सिग्नल गेला आणि माझ्या मानेला, कानाच्या जरा खाली, काहीतरी गार टेकलं.

"मागे बघू नका. दोन्ही हात स्टेअरिंगवर. मला दिसले पाहिजेत."

आवाज एकदम मवाळ. बँकेत सही कुठे करायची ते सांगतात ना, तसा. तो मला अहोजाहो करत होता. त्याने शिवी दिली असती तर मी इतका घाबरलो नसतो.

"साहेब, गाडी घ्या, मी इथेच उतरतो."

"गाडी तर घेणारच आहे. पण तुम्ही माझा चेहरा नीट पाहिलात."

क्लच दाबतोय की सोडतोय, कळेना. खाणीकडे दुपारी कुत्रंसुद्धा फिरकत नाही. पण खाणीचा रस्ता आमच्या स्टँडवरून जातो. मी डावा गुडघा हळूच वर उचलला आणि बटण दाबलं.

आता दिवा लागला होता. दिसत मात्र मलाही नव्हता.

स्टँड आला. पाच-सहा जण गाड्यांना टेकून उभे. माझ्या टपाकडे बघून एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. एकाने दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला. हसत होते सगळे. लंबू बॉनेटवर फडकं मारत होता. त्याने मान वर केली, सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पाठ फिरवली.

स्टँड मागे गेला. मला ओरडावंसं वाटलं. पण दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून मी गाडी हाकत राहिलो.

"घरी कोण कोण असतं?" मागून प्रश्न आला.

"बायको. मुलगी, सासरी असते." मी खरंच उत्तर देत होतो.

"बरं. म्हणजे लहान कोणी नाही."

तो हिशोब त्याने कशासाठी केला, ते मला कळलं. दुकानं संपली, गोदामाच्या भिंती सुरू झाल्या. पुढे पाण्याचा टँकर चालला होता, पाठीमागून नवाकोरा, स्टीलचा, आरशासारखा. आणि त्या आरशात माझी टॅक्सी दिसत होती. टपावर लाल, काळं. लाल, काळं.

मी वेग कमी केला, टँकर लांब जाऊ दे म्हणून. उशीर झाला होता.

"ते काय आहे?"

"कु... कुठे काय?"

टोक आत शिरलं. थोडंसंच. कॉलरच्या आत काहीतरी कोमट उतरलं.

"बंद करा."

मी गुडघ्याने बटण दाबलं. टँकरवरचा दिवा विझला. सोमवारी मी पोट धरधरून हसलो होतो, ते आठवलं. लंबूचं सोललेलं ढोपर आठवलं. माझ्यासाठी धावणारी माणसं मीच एकेक करून घरी बसवली होती.

टँकर डावीकडे वळला. समोर रस्ता खणलेला, एकच गाडी जाईल एवढी वाट. आणि त्या वाटेच्या तोंडाशी गोदामांच्या बोळातून एक पिवळी टॅक्सी सुसाट आली आणि आडवी उभी राहिली.

मी ब्रेकवर उभाच राहिलो. मागे आणखी दोन गाड्या करकचून थांबल्या. समोरच्या गाडीचं दार उघडलं आणि आधी जॅकचा दांडा बाहेर आला, मग लंबूचा लंगडा पाय.

मानेवरचं गार निघून गेलं. मागचं दार उघडलं. तो माणूस उतरला, गोदामाच्या पडक्या भिंतीवरून पलीकडे गेला. दोघे त्याच्यामागे धावले.

"आधी याला बघा रे!" लंबू ओरडला. "रक्त येतंय!"

त्याने खिडकीतून हात घालून माझ्या मानेवर तेच बॉनेटचं फडकं दाबून धरलं. मी स्टेअरिंग सोडलं नव्हतं. बोटं उघडतच नव्हती.

"तू... तू तर पाठ फिरवलीस," मी म्हणालो.

"दिवा बघून फिरवली." तो धापा टाकत होता. "मग डोक्यात आलं, वीस वर्षं हे येडं स्टँडवरून जाताना मला जीभ काढून दाखवतं. सोमवारी मी एवढं बोललो, तरी मंगळवारी दाखवली, काल दाखवली. आज नाही दाखवली."

मला तर ते सुचलंसुद्धा नव्हतं.

त्याच्यामागे धावलेले दोघे हात हलवत परत आले. तो सापडला नाही. मागच्या सीटवर एक्स-रेचं पाकीट राहिलं होतं. एकाने उघडून पाहिलं. आत काही नव्हतं.

"चल, काढ आता," लंबू म्हणाला.

"काय?"

"जीभ. जिवंत आहेस ना? काढ बघू."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटून बसली होती, काही केल्या बाहेर येईना.