उशिरा परतणारी लाट

सकाळी लॅब उघडली की नसा तपासायच्या मशीनचा पहिला शॉक मी स्वतःलाच देते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी लाट टिपणाऱ्या चकत्या चिकटवायच्या, मनगटावर शॉक देणारी दोन टोकांची दांडी टेकवायची आणि बटण दाबायचं. अंगठा उडतो, पडद्यावर लाट उठते. मागोमाग एक बारीकशी लाट येते. ती मणक्यापर्यंत जाऊन परतलेली असते. मशीन आणि मी, दोघंही शाबूत आहोत असं समजून कामाला लागायचं.

त्या दिवशी पेशंट होती माझी धाकटी बहीण. स्कूटरवरून खांद्यावर पडली तेव्हापासून तिचा उजवा हात नुसता लोंबत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं : लाट दिसली तर वाट बघू, नाही दिसली तर उद्याच ऑपरेशन. खांदा उघडून पायातली नस तिथे जोडायची.

"घरचाच परीक्षक आहे, पास करून टाक," ती म्हणाली.

"हात आधी गरम पाण्यात ठेव. गार हातात वीज सुस्तावते."

"म्हणजे तुझ्यासारखीच."

तिच्या मनगटावर दांडी टेकवून मी बटण दाबलं. लाट उठली. चांगली ठसठशीत! मी ओरडलेच. धाकटी रडायला लागली. मग माझं लक्ष गेलं. चकत्या माझ्याच अंगठ्यावर होत्या. सकाळी काढायच्या राहिल्या होत्या.

"शॉक मला, आणि उडालीस तू?" तिने डोळे पुसत विचारलं.

"करंट गळला असेल. मी तुझा हात धरला होता ना."

मी मदतनीस मावशींच्या हाती दांडी दिली आणि वायर पुरेल तेवढी लांब जाऊन उभी राहिले. मावशींनी धाकटीच्या मनगटावर टेकवून दाबलं. माझा अंगठा उडाला. मागची बारीक लाटही आली, पण उशिरा. सकाळपेक्षा बरीच उशिरा. गळलेला करंट असा रेंगाळत नाही. जणू ती दोन हातांचा रस्ता चालून आली होती.

मावशींनी दांडी खाली ठेवली आणि त्या हात धुऊन आल्या.

चकत्या धाकटीच्या अंगठ्यावर लावल्या. रेघ सरळ. पुन्हा दाबलं, तरी सरळ.

"तुझीच लाट छाप ना माझ्या नावावर," ती हळूच म्हणाली. "कोण बघतंय?"

"आणि नस खरंच तुटली असेल तर? थांबून थांबून हात वाळेल तुझा."

मी 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं. तिने कट्टी घेतली, या वयात, आणि वॉर्डात दाखल झाली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या आधी मी लॅब उघडली. हात कामात असले की डोकं गप्प बसतं. सवयीने चकत्या लावल्या, दांडी टेकवली, दाबलं. चटका बसला नाही. अंगठा हलला नाही. वायरी तपासल्या आणि पुन्हा दाबलं. रेघ सरळच.

फोन वाजला. स्पीकरवर टाकला.

"ताई!" कट्टी विसरून धाकटी म्हणाली. "आत्ता दोनदा माझा अंगठा उडाला. कोण टोचतंय गं मला?"

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. कुणी टेबलावर विसरून गेल्यासारखा तो पडला होता.

"डॉक्टर आलेत?"

"हे काय, समोरच उभे आहेत."

"मग त्यांना हात दाखव," मी म्हटलं, आणि बटण दाबत राहिले.