लाल पेन आणि क्रमाचा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना लाल शाईचा पेन आहे. माझी गोष्ट कारखान्यापासून सुरू करायला हवी, पण मला आधी एक पत्रच आठवते. दत्तोबा सरांच्या खणात ते दिवाळीपासून माझ्या शेजारी पडून होते. त्याला उत्तर गेले नव्हते. लिहिणारे होते सातवीतल्या दिव्याचे वडील, समाधान. "सर, दिव्याला निबंधात दहापैकी चार मिळाले. तक्रार नाही. काय केले म्हणजे जास्त मिळतील, तेवढे कळवा. माझी नाइट शिफ्ट, शाळेच्या वेळेला मी झोपलेला असतो. चिठ्ठी तिच्या हाती दिली तर वाटेत फाडेल, म्हणून टपालाने पाठवतो."

ते चार गुण माझ्याच शाईने पडले होते.

माझा जन्म भोसरीतल्या एका लहान शेडमधला. तिथे साच्यातून माझे अंग निघाले. चिंचवड स्टेशनजवळच्या दुकानातून सरांनी मला घेतले आणि मोशीच्या शाळेत मी कामाला लागलो. माझा "छान" मिळाला की मुले वही छातीशी धरून पळायची. मला मात्र कायम शंका. याला सात आणि त्याला सहा, असे का? सर निबंध वाचून क्षणभर डोळे मिटायचे, आणि आकडा माझ्या टोकाशी यायचा. तो कुठून यायचा, मला कधी कळले नाही. विचारायला मी कोण?

पुढे गुण संगणकावर भरायचे ठरले. मी खणात गेलो, शाई वाळली. सरांनी पत्राचे उत्तर एकदा सुरू केले होते. "आपली मुलगी हुशार आहे" एवढे लिहून कागद चुरगळला. चारच गुण का, ते त्यांना सांगताच येत नव्हते. इकडे दिव्या निबंध देईनाशी झाली.

"मला नाही जमत, सर."

"काय जमत नाही?"

"तेच तर कळत नाही."

एका मधल्या सुट्टीत आम्रपाली मॅडम शिक्षकांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन आल्या. शाळेतल्या सर्वांत तरुण शिक्षिका.

"सर, निबंधाचं रुब्रिक करायचं? कशाला किती गुण, ते मुलांना आधीच सांगणारा तक्ता. हे सॉफ्टवेअर करून देतं."

"तक्ता माझ्या मनात आहे, मॅडम. यंत्राला काय कळणार?"

"मग मनातला बाहेर काढू की. तुम्ही तपासलेले थोडे निबंध दाखवा त्याला."

सरांनी वह्या काढल्या. सवयीने मलाही उचलून खिशाला लावले, म्हणून पुढचे मला दिसले. मॅडमनी पानांचे फोटो घातले, विषय लिहिला, "माझ्या घरातला एक दिवस". सरांचा चहा निवायच्या आत पडद्यावर चौकोन उमटू लागले. कल्पना, भाषा, क्रम, शुद्धलेखन. प्रत्येकासमोर गुण, आणि ते कशासाठी, याचे एकेक सरळ वाक्य. माझ्याच शाईच्या खुणा वाचून त्याने हे ओळखले होते. जे जन्मभर माझ्या टोकातून उतरले आणि मला समजले नाही, ते समोर लख्ख उभे होते. गाभाऱ्यात शिरल्यावर बोलणे आपोआप हळू होते, तसे आमच्या खोलीत झाले.

सर वाचू लागले. "क्रम, तीन गुण. दिवस सकाळी सुरू होऊन रात्री संपतो." ते थांबले. दिव्याची वही त्यांनी पुन्हा उघडली.

"आमच्या घरातला दिवस रात्री सुरू होतो. आई पप्पांचा डबा भरते. पप्पा कंपनीच्या बसने चाकणला जातात. ते परत येतात तेव्हा आमच्या घरात रात्र होते. मी पडदा ओढते आणि चपला हातात घेऊन शाळेला निघते." खाली माझ्या शाईत होते, "क्रम चुकला."

"सॉफ्टवेअर चुकलं की," मॅडम म्हणाल्या.

"त्याचं न्हाई ओ." सरांच्या तोंडी एकदम गावची बोली आली. "हे माझंच हाय. मला दिसत नव्हतं, त्यानं दाखवलं."

"मग बदला. ते नुसतं मांडतं, ठरवायचं आपण."

सरांनी एका बोटाने अक्षरे शोधत लिहिले, "ज्या घराचा दिवस जिथून सुरू होतो, तिथून क्रम पाहावा." चौकोन बदलला, त्याच्याशी जुळवून शेजारचेही बदलले. सरांनी दिव्याचा निबंध त्यावर पुन्हा तपासला. आठ गुण झाले.

दुसऱ्या दिवशी तक्ता वर्गात लागला. दिव्या एकेका चौकोनावरून बोट फिरवत होती.

"रात्रीपासून चालतं, सर?"

"चालतं."

"मग मला अजून लिहायचंय. रविवारचं राहिलं."

"रविवारी काय असतं?"

"रविवारी आमच्या सगळ्यांची सकाळ एकदम होते."

सरांनी तिच्या वहीचे पुढचे कोरे पान उघडून तिच्यापुढे ठेवले.

त्या दुपारी त्यांनी माझ्यात शाई भरली. पत्र लाल शाईने लिहू नये म्हणतात, म्हणून पत्र निळ्या पेनाने झाले. पण सोबत तक्ता जोडला, आणि दिव्याचा निबंध जिथवर पोचला होता त्या चौकोनांभोवती मी गोल काढले. टोक थोडे अडखळले, तरी गोल पुरे झाले.

"दिव्या वर्गातच आहे, तिच्याकडे द्या ना," मॅडम म्हणाल्या.

"छे. वाटेत फाडेल," सर म्हणाले आणि दोघेही हसले.

मित्रांनो, मला उपदेश नीट जमत नाही. एवढेच मागतो. खणातल्या जुन्या पेनाला कधीमधी शाई द्या. आणि कुणाच्या कामाला आकडा द्याल, तेव्हा तो का दिला तेही सांगा. सांगता आले नाही, तर आपल्या मनातला तक्ता एकदा बाहेर काढून पाहा.

संध्याकाळी शिफ्टच्या बस चाकणकडे निघाल्या होत्या. सर टपालपेटीपाशी थांबले, पत्ता पुन्हा वाचला आणि पाकीट सोडले. ते आत पडल्याचा आवाज मी त्यांच्या खिशातून ऐकला.