सुतकाच्या घरी आमदार

संगमेश्वरजवळच्या त्या वाडीत कुणाच्या घरी दुःख झालं की हरिश्चंद्रबुवा आधी जाऊन बसत. बुवा भजनी मंडळाचे, पण अशा घरी ते ना अभंग सुरू करत ना उपदेश. माणसाला रडू देत, बोलू देत.

काशीरामचा तरणाताठा मुलगा नितेश हायवेवर ट्रकखाली गेला, तेव्हाही बुवा तिथेच होते. दोन दिवसांनी सकाळी घरापुढच्या खळ्याबाहेर गाड्यांचा ताफा थांबला. आमदार गुरुप्रसाद आला होता. टीव्ही मालिकेतला लाडका नायक. त्याच चेहऱ्यावर निवडून आलेला. लहानपणी मात्र तो बुवांच्या मंडळात टाळ वाजवायचा. पोरं मोबाइल उंचावून धावली. सुतकाच्या घरापुढे जत्रा भरली.

बुवा उठून दारात उभे राहिले.

"जरा बाजूला व्हा, साहेबांना लाइव्ह जायचंय," कॅमेरावाला म्हणाला.

"कॅमेरा खळ्याच्या बाहेर," बुवा म्हणाले आणि आमदाराकडे वळले. "गुरू, आत यायचंय ना? मग एकटा ये."

गुरुप्रसादचा चेहरा उतरला. क्षणभर तो घुटमळला, मग कॅमेरावाल्याला मागे सारून आत आला आणि काशीरामसमोर जमिनीवर बसला. बोलायला तोंड उघडलं तसा बुवांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भाषण नको. नुसता बस."

मग काशीराम हळूहळू सांगू लागला. मुंबईची नोकरी सोडून नितेश गावी आला होता, कातळावर आंब्याची कलमं लावली होती, त्यांना पाणी घालायला कळशी घेऊन चढ चढायचा. मालिकेत गुरुप्रसाद फार देखणा रडायचा. आत्ता त्याचं नाक गळत होतं आणि त्याला त्याचं भानही नव्हतं. काशीरामने धरलेला हात त्याने सोडवून घेतला नाही. सभेला उशीर झाल्याचे निरोप बाहेरून येत राहिले, तरी उठला नाही.

सुतकाच्या घरच्या रीतीप्रमाणे 'येतो' न म्हणताच तो निघाला. बाहेर पोरांनी सेल्फीसाठी गराडा घातला.

"आज नाय रे. घरात दुःख आहे," तो म्हणाला आणि मान खाली घालून गाडीकडे गेला.

बुवांचा ऊर अभिमानाने भरून आला. तो निवडून आला तेव्हाही त्यांना एवढं वाटलं नव्हतं.

"बुवा, आता मत ह्यालाच ना?" शेजारच्या गंगारामने विचारलं.

"मताचं मतदानाच्या दिवशी बघू. कामं काय करतो ते बघायला नको?" बुवा म्हणाले. "पण पोरगा आपल्या मंडळातला हो!"

आणि ते पुन्हा काशीरामजवळ जाऊन बसले.